उन्हातला घडा आणि दूरचे ग्रह

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या याच अवंती प्रांतात वराहमिहिराने चंद्राच्या कला समजावून सांगताना एक अगदी घरगुती दाखला दिला. उन्हात ठेवलेल्या घड्याची सूर्याकडची बाजू उजळते आणि दुसरी बाजू त्याच्या स्वतःच्याच सावलीने काळी राहते. तद्वत् चंद्राचाही अर्धा भाग नेहमी उजळ व अर्धा काळा असतो, असे बृहत्संहितेत त्याने म्हटले आहे. त्याच्याही आधी आर्यभटाने पृथ्वी आणि ग्रह या सर्वांसंबंधी हेच सांगून ठेवले होते. दुर्बीण नाही, अंतरे ठाऊक नाहीत, आणि तरीही विचार इतका स्वच्छ! आम्हांस तर वाटते की, दूरच्या ग्रहांचे रूप समजून घ्यावयाचे तर आजही त्या घड्यापासूनच आरंभ करावा.

या स्मरणिकेसाठी अभ्यासपर काही लिहावे अशी सूचना झाली तेव्हा हाच विषय आम्ही निवडला, त्याला आणखी एक कारण आहे. पवारांबरोबर माळव्यात आलेली आपली घराणी धार आणि देवास येथे नांदली. धार म्हणजे भोजाची नगरी. ग्रहगणिताचा राजमृगांक हा करणग्रंथ त्याच्या नावावर आहे व त्यात आरंभवर्ष शके ९६४, म्हणजे इ. स. १०४२ हे घेतले आहे. देवासहून जवळच उज्जयिनी. तेथे सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेल्या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३ साली माधवराव शिंद्यांनी केला, आणि तिचे पहिले अधीक्षक म्हणून गोविंद सदाशिव आपटे यांनी काम पाहिले. आकाशाकडे पाहण्याची एवढी मोठी परंपरा उंबरठ्यावर असताना आपल्या घरांतून मात्र शनीची ओळख साडेसातीपुरतीच राहावी, ही गोष्ट आम्हांस नेहमी खटकत आली आहे.

तर मूळ प्रश्न असा. चंद्र कधी पूर्ण दिसतो, कधी अर्धा, कधी कोरीएवढा. शुक्राचीही कोर दुर्बिणीतून दिसते. गॅलिलिओने ती १६१० साली पाहिली. मग गुरूची, शनीची कोर कोणी पाहिली आहे काय? घरातील मुलाने असे विचारले तर बहुतेक वडीलधारी मंडळी "ते फार लांब आहेत म्हणून दिसत नसेल" असे सांगून वेळ मारून नेतील. उत्तर अगदीच चुकीचे नाही. पण लांब असण्याचा आणि कोर न दिसण्याचा संबंध काय, हे त्यात येत नाही.

घड्याचा अर्धा भाग सदैव उजळलेलाच असतो. आपल्याला त्यातील किती दिसतो, हे आपण कोठे उभे आहोत यावर ठरते. दिव्याच्या बाजूने पाहिले तर सगळा घडा उजळ. घडा आपल्या व दिव्याच्या मध्ये आला तर काळा, फार तर कडेला एक उजळ रेघ. आणि आडबाजूने पाहिले तर अर्धा उजळ, अर्धा काळा. घड्यापासून एक रेघ दिव्याकडे काढा व दुसरी आपल्या डोळ्याकडे. या दोन रेघांमधील कोनाला आम्ही येथे कलाकोन म्हणू. कलाकोन शून्य तर पौर्णिमा, ९० अंश तर अर्धे बिंब, १८० अंश तर अमावास्या. ग्रहाच्या रूपासंबंधी पुढे जे जे सांगावयाचे आहे, ते जवळजवळ सगळे या एका कोनातून निघते.

आता दूरच्या ग्रहांसाठी हा कोन किती मोठा होऊ शकतो ते पाहू. कागदावरची आकृती सर्वांस रुचत नाही, म्हणून आपल्या नकाशावरच ती मांडू. समजा सूर्य धारेस आहे आणि पृथ्वी देवासला. या दोन गावांतील सरळ रेषेतले अंतर ८५ ते ९० किलोमीटर भरते. सूर्य व पृथ्वी यांमधील अंतर आपण तेवढे धरले. या मापाने गुरू सव्वापाच पट दूर, म्हणजे साधारण पुण्याच्या थोडा अलीकडे येईल. शनी साडेनऊ पट दूर. तो गोव्याच्या जरा पुढे. युरेनस एकोणीस पट दूर, तो थेट कन्याकुमारीस. आणि नेपच्यून तीस पट दूर असल्याने जमीन संपून विषुववृत्ताजवळ भर समुद्रात जाऊन पडेल. आपल्या सिद्धान्तकारांनी उज्जयिनीच्या याम्योत्तर वृत्तावर, विषुववृत्तावर जी 'लंका' कल्पिली होती, जवळजवळ तेथेच!

आता गोव्यास उभ्या असलेल्या माणसाने उत्तरेकडे पाहिले, आणि त्याला धार व देवास दोन्ही दिसू शकली, तर ती एकमेकांपासून किती दूर दिसतील? फक्त ६ अंश. हात लांब करून तीन-चार बोटे आडवी धरावीत, एवढेच. कन्याकुमारीहून तर ३ अंश, म्हणजे दीड-दोन बोटे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून देवास धारेभोवती फिरते असे मानले, तरी या अंतरापलीकडे ते कधीच जाणार नाही. गोव्याच्या माणसाला दिवा जेथे दिसतो, जवळजवळ तेथेच आपला डोळाही दिसतो. मग त्या डोळ्याला गोव्याचा घडा उजळ बाजूनेच दिसणार, यात नवल ते काय? आपण दिव्याच्या शेजारी बसून दूरच्या घड्याकडे पाहत आहोत, इतकाच याचा अर्थ. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही हे आपल्या पंचांगवाल्यांना ठाऊक असते. गुरूवर कोणी पंचांगकर्ता असता, तर त्याने पृथ्वीविषयी लिहिले असते की, ती सूर्यापासून फार तर १२ अंश दूर जाते व संधिप्रकाशातच दिसते.

आकडे एकदा सांगून टाकतो. मंगळाचा कलाकोन जास्तीत जास्त ४७ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा त्याच्या बिंबाचे शंभरातील सोळाएक भाग काळे असतात आणि दुर्बिणीतून तो त्रयोदशीच्या आतबाहेरच्या चंद्रासारखा दिसतो. गुरूचा कोन ११ ते १२ अंश. काळा भाग शंभरात एक. शनीचा सुमारे ६ अंश. काळा भाग हजारात तीन. युरेनसचा ३ अंश व नेपच्यूनचा २ अंशांहूनही थोडा कमी. तेथे काळा भाग दहा हजारांत अनुक्रमे सातएक आणि तीनएक. म्हणजे पृथ्वीवरून पाहणाऱ्याला या चार ग्रहांची कायमचीच पौर्णिमा.

येथेच विषय संपला असता. परंतु या इवल्याशा कोनानेही ग्रहांच्या रूपात किती फरक पडतो, आणि त्या फरकावरून माणसाने काय काय शोधून काढले, ते पाहिले म्हणजे या विषयाची खरी गोडी कळते.

प्रथम प्रतियुती. सूर्य आणि ग्रह आकाशात समोरासमोर आले, म्हणजे सूर्य मावळताना ग्रह उगवू लागला, की प्रतियुती झाली. धार, देवास आणि गोवा एका ओळीत आली व देवास मध्ये पडले, असे समजा. कलाकोन तेव्हा जवळजवळ शून्य होतो, ग्रह पृथ्वीला सर्वांत जवळ असतो आणि रात्रभर आकाशात राहतो. आता गंमत अशी की, वाचकांपैकी अनेकांना ज्याची धास्ती वाटते तो वक्री शनी हाच होय. शनी दरवर्षी सुमारे साडेचार महिने वक्री असतो व त्या काळाच्या जवळजवळ मध्यावरच प्रतियुती येते. वक्री म्हणजे तो खरोखर मागे फिरतो असे नव्हे. इंदूरहून देवासकडे निघालेली मोटार बैलगाडीला मागे टाकते तेव्हा, पलीकडच्या टेकडीच्या मानाने, गाडी मागे सरकल्यासारखी वाटते, तसाच प्रकार. आतल्या वर्तुळावरून जलद जाणारी पृथ्वी मंदगती शनीला ओलांडते, म्हणून तो मागे जाताना दिसतो. कोणाच्या श्रद्धेचा उपहास करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु 'शनी वक्री आहे' म्हणून मुलीचे स्थळ हातचे घालवणे, मुलाला परगावी शिकावयास पाठविण्याचे लांबणीवर टाकणे, हे प्रकार आपल्या समाजात आम्ही पाहिले आहेत. दरवर्षी साडेचार महिने जर असे दार लावून बसावयाचे, तर आयुष्याचा तिसरा हिस्सा त्यातच गेला! वस्तुतः त्या महिन्यांत शनी सर्वांत जवळ, सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत सोयीच्या वेळी दिसतो. घाबरण्याऐवजी गच्चीवर जाऊन त्याला पाहण्याचे ते दिवस आहेत.

प्रतियुतीला ग्रह जवळ आल्याने तेज वाढते, हे सहज पटते. पण शनीच्या बाबतीत तेज वाढण्याचे आणखी एक कारण आहे, व ते समजण्यासाठी क्षणभर चंद्राकडे वळू. अष्टमीच्या सुमारास अर्धा चंद्र दिसतो. कोजागरीचा चंद्र पूर्ण. मग कोजागरीचे चांदणे अर्ध्या चंद्राच्या किती पट? दुप्पट, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात ते सुमारे दहा पट असते! चंद्राची भूमी खडबडीत, खडे-धुळीने भरलेली आहे. ऊन तिरपे पडले की प्रत्येक खड्याची सावली शेजारी पडते आणि त्या सावल्या आपल्याला दिसतात. पौर्णिमेस सूर्य आपल्या पाठीशी असतो; प्रत्येक खड्याची सावली त्याच्याच मागे दडते आणि भूमी एकदम उजळते. आपल्याकडे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात असा एक-एक दिवस येतो की, मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो व खांबाची सावली त्याच्या पायाशी नाहीशी होते. धार व देवास कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्यामुळे हा योग आपल्याला मिळतो. जुलैच्या ढगांतून तो दिसणे मात्र नशिबाचा भाग.

याहूनही सोपा अनुभव देवासच्या टेकडीवर घेता येतो. हिवाळ्यात सकाळी देवीच्या दर्शनास गेलात की परतताना थोडे थांबा. सूर्य पाठीशी घेऊन पश्चिमेची शेते पाहा. गहू-हरभऱ्याची रानं सपाट, एकसारखी उजळ दिसतील. बांध कोठे, ढेकळे कोठे, ते नीट उमगणार नाही, कारण सावल्याच दिसत नाहीत. मग वळून सूर्याकडे तोंड करा. तीच रानं गडद दिसतील, प्रत्येक झाडाची सावली तुमच्याकडे धावत येईल. आणि पश्चिमेकडे पाहताना जे मुळीच दिसले नव्हते ते, म्हणजे चुलींचा धूर, गाडीवाटेवरची धूळ, झुडपांतली कोळिष्टके, सोन्यासारखे चमकू लागेल. ढेकूळ प्रकाश मागे परतवते, बारीक धूळ तो पुढे सोडते. हे दोन्ही अनुभव लक्षात ठेवावेत. पुढे दोन्हींची गरज पडणार आहे.

शनीची कडी प्रतियुतीच्या आगेमागे काही दिवस अशीच एकाएकी उजळतात. ग्रहाचा गोल तितका उजळत नाही, कारण तो ढगांचा आहे, कडी उजळतात. ह्यूगो फॉन झेलिगर या जर्मन ज्योतिर्विदाने १८८७ साली याचा अर्थ लावला: कडी म्हणजे अखंड पत्रा नसून अगणित सुट्या तुकड्यांचा थवा आहे, आणि प्रतियुतीला त्या तुकड्यांच्या एकमेकांवर पडणाऱ्या सावल्या आपल्यापासून लपतात. मॅक्सवेलने त्यापूर्वीच, १८५९ साली, गणिताने दाखविले होते की अखंड कडे टिकूच शकत नाही. गणिताने जे सांगितले, त्याला उन्हाच्या कोनाने साक्ष दिली. पुढे असेही समजले की, आल्या वाटेनेच परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना बळ देतात व त्यानेही तेजात भर पडते. परंतु त्या खोलात येथे शिरत नाही.

शनीच्या कड्यांना सूर्यकिरणांचा आणखी एक कोन लागू आहे. शनीचा अक्ष सुमारे २७ अंशांनी कललेला असल्याने कड्यांवर ऊन कधी वरून, कधी खालून, तर कधी अगदी काठावरून पडते. त्याचे वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचे; म्हणून दर चौदा-पंधरा वर्षांनी कडी आपल्याला काठावरून दिसतात व जवळजवळ नाहीशी होतात. कड्यांचा पसारा पावणेतीन लाख किलोमीटर, पण जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच. मग दिसावे काय? गॅलिलिओने १६१० साली शनीच्या दोन बाजूंस दोन सोबती पाहिले होते. १६१२ साली ते गडप झाले तेव्हा तो थक्क झाला. ख्रिस्तियान हायगेन्सने १६५९ साली कड्याची कल्पना मांडून हे कोडे सोडविले. आपल्या काळात हा योग २०२५ साली आला. २३ मार्चला पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, सूर्य मात्र ६ मे रोजी गेला. त्यामुळे मधल्या सहा आठवड्यांत कड्यांची ऊन न लागलेली बाजू आपल्याकडे होती. शनी तेव्हा पहाटे सूर्याच्या जवळ असल्याने फारच थोड्यांना हे पाहता आले. आता कडी पुन्हा उघडू लागली असून २०३२ च्या सुमारास ती पुरती उघडतील.

उन्ह काठावरून पडते तेव्हा काय घडते, हे २००९ साली कॅसिनी यानाने शनीजवळूनच पाहिले. सायंकाळच्या तिरप्या उन्हात काळ्या रानातल्या वीतभर ढेकळाचीही सावली हातभर लांब पडते. त्याप्रमाणे कड्यांवर लांबच लांब सावल्या पडल्या, आणि ज्या कड्यांची जाडी दहा-वीस मीटर मानली जात होती, त्यांच्यातील एका कड्याच्या काठावर सुमारे अडीच किलोमीटर उंचीचे उंचवटे आहेत असे त्या सावल्यांवरून मोजता आले. उज्जयिनीच्या वेधशाळेत शंकूच्या सावलीवरून जे गणित होते, त्याच जातीचे हे गणित.

गुरूकडे येताना कड्यांचा प्रश्न नाही, पण त्याचे चार मोठे चंद्र आहेत. कलाकोन शून्य असता तर गुरूची सावली बरोबर त्याच्या मागे दडली असती व चंद्रांची ग्रहणे आपल्याला नीट दिसलीच नसती. तो अकरा-बारा अंशांपर्यंत जातो म्हणून सावली थोडी बाजूस डोकावते: प्रतियुतीपूर्वी पश्चिमेस, नंतर पूर्वेस. यास्तव गुरूला सर्वांत जवळचा मोठा चंद्र आयो हा प्रतियुतीपूर्वी सावलीत शिरताना दिसतो, तर प्रतियुतीनंतर सावलीतून बाहेर पडताना. दोन्ही घटना एकाच फेरीत दिसत नाहीत. याच ग्रहणांच्या वेळा पाहताना ओले रोमर या डॅनिश ज्योतिर्विदाला दिसले की, पृथ्वी गुरूपासून दूर जाते तेव्हा ग्रहणे उशिरा होतात आणि जवळ येते तेव्हा लवकर. १६७६ साली त्याने याचे कारण सांगितले, ते हे की प्रकाशालाही प्रवासास वेळ लागतो. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडण्यास त्याने बावीस मिनिटे धरली. आज आपण साडेसोळा मिनिटांहून किंचित अधिक मानतो. प्रकाशाच्या वेगाची गोष्ट पुस्तकांतून नेहमी सांगतात, पण गुरूची सावली बाजूस सरकून दिसते म्हणून ती शक्य झाली, हे सहसा कोणी सांगत नाही.

पण इतके सारे पाहिले तरी आपण दिव्याशेजारीच बसलेले. पश्चिमेची सपाट उजळ रानेच आपल्या वाट्याची. सूर्याकडे तोंड करून ग्रह पाहावयाचा तर त्याच्या पलीकडे जाणे भाग होते. डिसेंबर १९७३ मध्ये पायोनियर-१० हे यान गुरूला ओलांडून गेले आणि गुरूची कोर प्रथमच चित्रात आली. मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ ने पुढे गेल्यावर मागे वळून आयोची छायाचित्रे घेतली; त्यांपैकी एकात लिंडा मोराबिटो यांना कोरीच्या काठावर छत्रीसारखे काहीतरी दिसले. तो ज्वालामुखीचा उसळलेला लोट होता. पृथ्वीबाहेर जिवंत ज्वालामुखी सापडण्याची ती पहिली वेळ. त्याच वर्षी गुरूभोवतीही एक फिकट कडे असल्याचे कळले. पुढून पाहताना जेमतेम दिसणारे हे कडे जुलैत व्हॉयेजर-२ ने पलीकडून पाहिले तेव्हा झळकू लागले. यावरून ते ढेकळांचे नसून धुरासारख्या बारीक धुळीचे आहे हे उमगले. टेकडीवरून पूर्वेकडे पाहताना चुलींचा धूर चमकतो, तोच न्याय.

या साऱ्यांत आम्हांला सर्वांत हृद्य वाटते ते कॅसिनीचे १९ जुलै २०१३ चे छायाचित्र. यान शनीच्या सावलीत शिरले होते, सूर्य शनीमागे झाकला गेला होता, आणि कडी पाठीमागच्या प्रकाशाने उजळली होती. त्या कड्यांखाली एक निळसर ठिपका दिसतो, ती आपली पृथ्वी. गोव्याहून देवास पाहावयाचे तर धारेचा दिवा डोळे दिपवतो; हाताने तो झाकला की देवास दिसू लागते. शनीने स्वतःच तो हात पुढे धरला. त्या ठिपक्यात आपण सर्वजण होतो; धारही, देवासही, आणि देवासच्या एकाच रस्त्याच्या दोन बाजूंस १९४८ पर्यंत नांदलेल्या थोरल्या व धाकट्या पातीची सारी मानापमानाची भांडणेही!

युरेनस आणि नेपच्यून यांच्याविषयी थोडक्यात. युरेनसचा अक्ष ९८ अंशांनी कललेला, म्हणजे तो जवळजवळ आडवा पडून ८४ वर्षांची फेरी करतो. व्हॉयेजर-२ तेथे जानेवारी १९८६ मध्ये पोहोचले तेव्हा त्याचा दक्षिण ध्रुव सूर्याकडे होता व बिंब अगदी कोरे दिसले. २००७ साली ऊन विषुववृत्तावर सरळ पडू लागले आणि त्या सुमारास पृथ्वीवरच्या मोठ्या दुर्बिणींतून तेथे ढग दिसू लागले. २०३० च्या सुमारास उत्तर ध्रुव सूर्यासमोर येईल. नेपच्यूनवर ऑगस्ट १९८९ मध्ये त्याच यानाने तिरप्या उन्हात पांढऱ्या ढगांच्या पट्ट्या खालच्या निळ्या थरावर सावल्या टाकताना पाहिल्या. त्या सावल्यांवरून ते ढग सुमारे ५० किलोमीटर उंच असल्याचे कळले. पृथ्वीवरून दोन अंशांच्या आतला कोन घेऊन हे कोणालाही कधी दिसले नसते.

आता आपल्याला काय करता येईल ते सांगतो. सहा ते आठ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची व तीस-चाळीस पट मोठे दाखविणारी दुर्बीण असली तरी शनीचे कडे व गुरूचे चार चंद्र स्पष्ट दिसतात. अशी एखादी दुर्बीण आपल्या संस्थेने शिष्यवृत्तीच्या निधीतून नव्हे, तर सभासदांच्या वेगळ्या वर्गणीतून घ्यावी, असे आम्ही कार्यकारी मंडळास सुचवीत आहोत. आमची वर्गणी आम्ही देऊच. २०२५ साली शनीची प्रतियुती २१ सप्टेंबरला झाली. ती दरवर्षी साधारण तेरा दिवसांनी पुढे सरकते, म्हणजे काही वर्षे तरी पाऊस उघडल्यावरच्या स्वच्छ आकाशात येईल. गुरूची प्रतियुती १० जानेवारी २०२६ ला झाली. ती दर खेपेस सुमारे चौतीस दिवसांनी पुढे जाते.

मुलांकडून शनीचे चित्र तीन वेळा काढून घ्यावे: प्रतियुतीच्या तीन महिने आधी पहाटे, प्रतियुतीच्या आठवड्यात मध्यरात्री, आणि तीन महिन्यांनंतर सायंकाळी. कडी जसजशी उघडत जातील तसतसे हे अधिक सोपे होईल. मागे गेलेल्या कड्यावर गोलाला लागूनच सावलीचा एक काळा तुकडा दिसतो. लहान दुर्बिणीत तो पाहावयास हवा स्थिर व थोडा धीर लागतो. पहिल्या चित्रात तो पश्चिमेच्या बाजूस येईल, दुसऱ्यात नाहीसा होईल, तिसऱ्यात पूर्वेच्या बाजूस येईल. चित्रावर तारीख, वेळ आणि पश्चिम दिशा लिहिण्यास मात्र विसरू नये. दुर्बीण चित्र उलटे दाखविते. पश्चिम ओळखण्याची युक्ती सोपी आहे: दुर्बीण न हलविता तशीच ठेवावी, शनी ज्या बाजूने नजरेबाहेर सरकत जाईल, ती पश्चिम.